रोज एक कॅप्सूल, बहात्तर पायऱ्या

५ फेब्रुवारी

आज वीस किलोचं प्रमाण वजन हातातून निसटलं. निसटलं म्हणजे पडलं नाही, मांडीवर अडवून धरलं, पण धान्यवाल्याने पाहायचं ते पाहिलंच. "साहेब, जरा टेकता का? स्टूल देऊ?" मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने स्टूल पायानेच मागे सरकवलं. मग त्याचा काटा तपासला. काटा अगदी बरोबर निघाला, त्याचाही राग आला.

चौतीस वर्षं मी लोकांचे वजनकाटे तपासतोय. पिशवीत प्रमाण वजनं घेऊन दुकानोदुकानी हिंडायचं, काट्यावर ठेवायची, आकडा जुळला तर शिक्का, नाही जुळला तर दंड. इतक्या वर्षांत वजन कधी हातातून सुटलं नव्हतं.

ऑफिसात आलो तर वर ही बातमी. मे अखेर मला साठ पूर्ण होतात. पुढे दोन वर्षं वाढवून मिळतात, पण आता नवा नियम निघालाय. १२ एप्रिलला परीक्षा. वीस किलो उचलून तीन मजले चढायचे, न थांबता, दोन मिनिटांच्या आत. मोठे साहेब म्हणाले, "तुम्हाला काय अवघड आहे?" असं माणूस केव्हा म्हणतो, ते काय मला कळत नाही होय!

घरी बसायचं नाही मला. घरी बसलेले माझ्या वयाचे लोक पाहिलेत मी. पेपर दोनदा वाचतात आणि बायकोला भाजी कशी चिरायची ते शिकवतात. ही मला दोन दिवसांत घराबाहेर काढेल.

७ फेब्रुवारी

कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातल्या माणसाला आम्ही दोघं 'हसरा' म्हणतो. खोकल्याचं औषध देतानाही तो हसतो. आज गुडघ्याला लावायचं मलम मागितलं, तर त्याने कपाटातून एक पांढरी बाटली काढून समोर ठेवली. "मलम लावून काय होणार? आतून तरुण व्हा."

शरीरातल्या प्रत्येक पेशीत म्हणे एक द्रव्य असतं. त्याच्या जोरावर पेशी अन्नातून शक्ती काढते. वय वाढतं तसं ते द्रव्य घटतं, आणि पेशीची चयापचय क्रिया मंदावते. ही कॅप्सूल ते भरून काढते. म्हातारे उंदीर ही घेऊन चाकावर पळायला लागले, असं हसरा म्हणाला.

"आणि माणसं?" मी विचारलं.

"माणसं घेतायत की!"

हे काही उत्तर नव्हे, एवढं मला कळतं. तरी तीन बाटल्या घेऊन आलो. हिने बाटलीवरचं सगळं वाचलं, मग माझ्याकडे बघितलं. "उंदीर पळाले म्हणून तुम्ही पळणार? उद्या मांजर आलं घरात तर काय कराल?"

मी म्हटलं, हस तू. मी मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नाही आणि मोजल्याशिवाय कशाला खोटंही म्हणत नाही. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, एकेका मजल्याला अठरा, अशा बहात्तर पायऱ्या. यापेक्षा चांगली प्रयोगशाळा कुठे मिळणार? आधी तीन दिवस कॅप्सूल न घेता वेळ मोजायची, मग घेऊन. संध्याकाळी सहाची वेळ, तेच बूट, हातात तीच भाजीची पिशवी.

१० फेब्रुवारी

तीन दिवसांच्या नोंदी: तीन मिनिटं पाच सेकंद, तीन दहा, तीन दोन. रोजच्यासारखे दोघं भाजी घेऊन आलो आणि एकत्र चढलो. आकडे वाचून मन खट्टू झालं. बहात्तर पायऱ्यांना तीन मिनिटं? परीक्षेत माझं कसं व्हायचं?

"एवढं काय त्यात?" ही म्हणाली. "आपण काय आग विझवायला चाललो होतो?"

११ फेब्रुवारी

पहिली कॅप्सूल सकाळी घेतली. चव नाही, वास नाही.

संध्याकाळी खालच्या दारापाशी ही म्हणाली, "अहो, घड्याळ माझ्याकडे द्या. चढता चढता मनगटाकडे बघत राहाल आणि नाकावर आपटाल. मी खाली थांबून मोजते, तुम्ही वर पोचलात की ओरडा." सूचना चांगली आहे. मोजणारा वेगळा आणि चढणारा वेगळा असावा, हे आमच्या खात्यातही सांगतात. पिशवी मात्र मीच घेतली. वजन बदलून चालणार नाही.

दुसऱ्या मजल्यावर सवयीने थांबलो आणि मागे वळलो. मग आठवलं की आज थांबायचं काही कारण नाही. वर जाऊन "पोचलो!" म्हणून ओरडलो, तर तिसऱ्या मजल्यावरच्या चष्मेवाल्याने दार उघडून बघितलं.

खालून हिने आकडा ओरडून सांगितला: दोन मिनिटं वीस! मी दारात उभ्या उभ्या ही नोंद लिहिली. लिहून होईपर्यंत ही वर आली.

१५ फेब्रुवारी

दोन पाच, एक अठ्ठावन्न, एक बावन्न, एक पन्नास. तीन मिनिटांवरून एक पन्नास, आणि तेही पाच दिवसांत! मी आकडे लिहिणारा माणूस आहे, उगाच नाचणारा नाही. पण आज नाचावंसं वाटलं.

ही वर येईपर्यंत माझं लिहून झालं, हातपाय धुऊन झाले. हिला सांगितलं, तर म्हणाली, "छान झालं." आणि खुर्चीत बसून राहिली. बायकांना नवऱ्याच्या यशाचं कौतुक म्हणून नसतं.

१९ फेब्रुवारी

आज एक मासळीवाला सापडला. काटा वीस ग्रॅम जास्त दाखवत होता, पण मी वजन ठेवलं की बरोबर. तीनदा केलं. मग लक्षात आलं, मी आलो की हा डोक्यावरचा पंखा बंद करायचा. पंख्याच्या वाऱ्याने ताटली दबायची. सगळ्या गिऱ्हाइकांसमोर त्याला झापला. "काटा तपासताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्यास तर काट्याचा गुण कुठला आणि वाऱ्याचा कुठला, हे देवालासुद्धा सांगता येणार नाही." तो म्हणाला, "साहेब, तुमच्या नजरेतून काही सुटत नाही." दंड झालाच, पण बोलणं आवडलं.

वेळ: एक त्रेचाळीस. चहाही मीच टाकला. ही वर यायला हल्ली वेळ लावते. पहिल्या मजल्यावर एक स्वेटर विणणाऱ्या मावशी राहतात, त्यांच्याशी गप्पा छाटत बसते.

२२ फेब्रुवारी

ऑफिसच्या डॉक्टरांना बाटली दाखवली. त्यांनी चष्मा वर करून वाचली आणि माझा सगळा उत्साह घालवला.

"हे बघा," ते म्हणाले, "ही घेतली की रक्तात ते द्रव्य वाढतं, एवढं दिसलंय. पण वाढलं म्हणून माणूस तरुण झाला, असं कुणी सिद्ध केलेलं नाही. जे प्रयोग झालेत ते थोड्या माणसांवर, थोडे दिवस. कुणाला किंचित फरक, बऱ्याच जणांना काहीच नाही. उंदीर म्हणजे माणूस नव्हे."

मी माझे आकडे पुढे केले. त्यांनी पाहिले. "चढताय रोज, म्हणून चढता येतंय. दोन महिने बाटली बंद ठेवून नुसते चढा, बघा."

हे काही मला पटलं नाही. पाच दिवसांच्या चढण्याने कुणाचा मिनिटभर वेळ वाचतो का? पण तेव्हापासून डोक्यात भुंगा लागलाय. जेवणात लक्षच नव्हतं. हिलाही भूक नव्हती. दोघांनी ताटं तशीच उचलली.

२८ फेब्रुवारी

लेकीचा फोन. ती दुसऱ्या शहरात शाळेत विज्ञान शिकवते, आणि सुट्टीच्या दिवशी मला शिकवते.

"बाबा, काट्यावर वजन ठेवायच्या आधी तुम्ही काय बघता?"

"शून्य."

"मग इथे तुमचं शून्य कुठाय? तुम्हाला माहितीय की तुम्ही गोळी घेतलीय. नुसत्या त्या खुशीतच तुम्ही पळत असाल. खोट्या गोळ्या करा. कुठली खरी, कुठली खोटी, ते तुम्हाला कळता कामा नये."

कार्टी माझ्यावर गेलीये. मग म्हणाली, "आईला द्या ना. हल्ली तिचा आवाज असा का येतो?"

"कसा?"

"तुटक तुटक."

मी म्हटलं, फोनमध्ये बिघाड असेल. हिने फोन घेतला आणि "मी मजेत गं" म्हणाली. दोघी बराच वेळ बोलल्या. म्हणजे लेक बोलत होती.

२ मार्च

खरी परीक्षा आजपासून. हसऱ्याकडून रिकाम्या कॅप्सूल आणल्या, अगदी तशाच पांढऱ्या. हिचा हात बारीक कामाला चांगला. हिने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि दोन बरण्या भरून आणल्या, एक लाल झाकणाची, एक निळ्या. एकीत खरं औषध, दुसरीत मक्याचं पीठ. कुठलीत काय, ते कागदावर लिहून पाकिटात घातलं, पाकीट चिकटवलं आणि वर सही केली. पाकीट या वहीच्या मागच्या कव्हरात ठेवलंय. एक आठवडा लाल, एक आठवडा निळी, असं आलटून पालटून परीक्षेपर्यंत. मग उघडायचं.

"पाकीट उजेडात धरून बघायचं नाही," ही म्हणाली.

"मी? अगं, मी सरकारी माणूस आहे!"

"म्हणून तर सांगितलं."

९ मार्च

लाल आठवडा संपला. सरासरी एक पस्तीस. आजपासून निळी.

मी वर आलो, नोंद केली, चहा केला, प्यायलो, भाजी निवडून ठेवली, तेव्हा कुठे ही आली. हिचा चहा गार झाला होता. मी म्हटलं, एवढं काय बोलता तुम्ही दोघी? तर म्हणे, "सांगते मग." सांगितलं नाहीच.

बसल्या बसल्या मला मात्र नाडी मोजायची सवय लागलीये. जेवणाआधी, जेवणानंतर, बसमध्ये. आरशात हात वर करून दंड बघतो. काल ऑफिसात एकाने विचारलं, खांद्याला काही लागलंय का?

१४ मार्च

जिन्यात पहिल्या मजल्यावर कुणीतरी स्टूल ठेवलंय! लाकडी, तीन पायांचं, अगदी वळणावर. त्याला वळसा घालण्यात माझे दोन सेकंद गेले. एक सदतीस. आता हा आकडा निळ्या बरणीचा मानायचा की स्टुलाचा?

१६ मार्च

स्टूल आजही तिथेच. मावशींचं दार वाजवून चांगलं सुनावलं. जिना सगळ्यांचा आहे, सामान आत ठेवा, कुणी अडखळून पडलं तर जबाबदार कोण? मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "ते माझ्यासाठी नाहीये हो."

"मग कुणासाठी आहे?"

त्या काहीतरी सांगणार होत्या, पण माझ्यामागे ही उभी होती. मावशींनी स्टूल उचललं आणि आत नेलं.

घरी आल्यावर हिच्याशी वाजलं. मी म्हटलं, गप्पा मारायच्या तर घरात बसून मारा, जिन्यात बैठक कशाला? ही काही बोलली नाही. भांडणात गप्प बसणं हे हिचं नवीनच शस्त्र आहे. माझी रात्र वाईट गेली.

२३ मार्च

पुन्हा निळी. लाल आठवडा एक चौतीस, निळा एक पस्तीस. एका सेकंदाचा फरक म्हणजे फरकच नव्हे. सकाळपासून जिवाला स्वस्थता नाही. काम करताना एका दुकानात शिक्का मारायचा विसरलो, अर्ध्या वाटेतून परत गेलो.

त्यात घरी सगळं विसकटलेलं. ही दोन उशा घेऊन, जवळजवळ बसूनच झोपते. आडवं झालं की घुसमटतं म्हणे. जड जेवू नये संध्याकाळी, दुसरं काय! आणि बूट घट्ट होतात म्हणून माझ्या जुन्या चपला घालून फिरते. नवे बूट घेऊ म्हटलं तर "राहू द्या, तुमची परीक्षा होऊन जाऊ दे." सगळं काही माझ्या परीक्षेनंतर.

२९ मार्च

चार आठवड्यांचा हिशेब मांडला. लाल आणि निळी, दोन्ही सारख्याच. कॅप्सूलआधीचे ते तीन दिवस सोडले तर सगळे आकडे चांगले. लेकीला फोनवर वाचून दाखवले.

"म्हणजे गोळीचा काही उपयोग नाही, बाबा. संपलं."

"असं कसं संपलं? आधी तीन मिनिटं लागायची. मग पहिल्या तीन आठवड्यांत मी खऱ्याच घेतल्या होत्या ना? त्याचा साठा शरीरात राहिला असेल. म्हणून पिठाच्या आठवड्यातही पळतोय."

"बाबा, हे तुम्ही दुसऱ्या कुणाकडून ऐकून घेतलं असतं का?"

फोन ठेवला. तिला काय जातंय बोलायला. दोन आठवड्यांवर परीक्षा माझी आहे. आणि खरं सांगायचं, तर मला परीक्षेचीही एवढी भीती वाटत नाही. ज्या दिवशी कॅप्सूल खोटी ठरेल, त्या दिवशी मी पुन्हा फेब्रुवारीतला म्हातारा होईन, याची वाटते.

३ एप्रिल

काल लिहिणं झालं नाही.

काल संध्याकाळी सगळ्यांत जोरात चढलो, एक तीसच्या आत पोचलो असेन. "पोचलो!" म्हणून ओरडलो. खालून उत्तर आलं नाही. पुन्हा ओरडलो. मग मावशींची हाक आली, माझ्या नावाने नव्हे, नुसतीच.

ही पहिल्या मजल्यावर पायरीवर बसली होती, मी ओरडायच्या आधीच चढायला निघाली असावी. ओठ निळसर. हातात घड्याळ चालूच होतं. मला म्हणाली, "थांबवायचं राहिलं."

चष्मेवाल्याची गाडी होती म्हणून बरं. दवाखान्यात तरुण डॉक्टरीण भराभर विचारत होती. किती दिवस दम लागतोय? मी म्हटलं, दम? आजच. पायांना सूज कधीपासून? मी हिच्या पायांकडे बघितलं. माझ्या चपलांचे पट्टे रुतलेले होते. कुठली औषधं चालू आहेत?

"काही नाही," मी म्हणालो. "ठणठणीत असते ती."

"आहे," ही नाकावरची नळी बाजूला करून म्हणाली. "एक. रोज. महिना झाला." मग माझ्याकडे बघून, "अहो, पाकीट उघडा."

ऑफिसची पिशवी खांद्यावरच होती, तिच्यात ही वही. पाकीट फाडलं. हिच्या अक्षरात तीन ओळी. लाल: पीठ. निळी: पीठ. खऱ्या माझ्याकडे.

डॉक्टरणीला काही समजेना. मला समजलं, पण आत शिरायला वेळ लागला.

४ एप्रिल

हृदयाची एक झडप अरुंद झालीये. रक्त पुढे जायला वाट पुरत नाही. झडप बदलावी लागेल, १२ तारखेला. मी विचारलं, त्या कॅप्सूलने बिघडलं का? डॉक्टरीण म्हणाली, "बिघडलं नाही, सुधारलंही नाही. फक्त दिवस वाया गेले."

आज हिला थोडं बोलता येत होतं. मी रागावायचं ठरवून गेलो होतो. तिथे गेल्यावर रडू आलं. असं कधी झालं नव्हतं, दोघंही ओशाळलो.

"का केलंस असं?"

"तुम्ही चांगले टणाटण चढत होता. मी घड्याळ घेऊन खाली, आणि मला वर येणं जड. म्हटलं, ज्याला गरज आहे त्यानं घ्यावी. तुम्हाला पीठ पुरेल."

"मला सांगायचं नाही?"

"सांगणार होते. आकडा चढला की सांगणार होते." तिने पर्सकडे बोट दाखवलं. "वाणसामानाची वही आहे. मागून उघडा."

मागच्या पानावर तारखा आणि आकडे. वर लिहिलेलं: न थांबता पायऱ्या. ३ मार्च, एकसष्ट. ७ मार्च, अठ्ठावन्न. १२ मार्च, चव्वेचाळीस. १६ मार्चपुढे लिहिलंय: स्टूल नाही. तरी पस्तीस. मग सव्वीस. मग बावीस. १ एप्रिल, अठरा.

सगळ्या नोंदी नीट, एका रेषेत, वेळ लिहिलेली. चौतीस वर्षांत मी इतक्या प्रामाणिक नोंदी पाहिल्या नाहीत.

६ एप्रिल

ही वही लाल पेन्सिल घेऊन पहिल्यापासून वाचली, एखाद्या लबाड दुकानदाराची वाचावी तशी.

८ ते १० फेब्रुवारी: हिच्याबरोबर चढलो. प्रत्येक मजल्यावर ही थांबायची, म्हणून मीही थांबायचो. गप्पांच्या नादात थांबतोय असं वाटायचं. तीन मिनिटं हा माझा आकडा नव्हताच, हिचा होता.

११ फेब्रुवारी: कॅप्सूल सुरू, आणि त्याच दिवशी ही माझ्यासोबत चढायची थांबली. एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या. आणि त्या मासळीवाल्याला मी चारचौघांत झापला!

पुढे माझ्याच अक्षरात सगळं आहे. नोंद होईपर्यंत ही वर आली. हातपाय धुऊन झाले, तेव्हा आली. चहा गार झाला, तेव्हा आली. उशा, चपला, तुटक आवाज, न संपलेलं ताट. मी काहीच लपवलं नव्हतं. एक दिवसही चुकवला नव्हता. फक्त ज्याची वेळ मोजायला हवी होती तिच्या हातात घड्याळ देऊन मी वर पळत होतो.

१६ मार्चच्या पानावर पेन्सिल मोडली. सकाळी पहिल्या मजल्यावर जाऊन मावशींसमोर हात जोडले. त्या म्हणाल्या, "मला तिने शपथ घातली होती हो, तुमची परीक्षा होईपर्यंत." आणि मला चहा दिला.

१२ एप्रिल

सकाळी आठला हिला आत नेलं. जाताना म्हणाली, "तुमची परीक्षा?"

"साहेबांना नाही म्हणून कळवलं."

"अगं बाई! म्हणजे दोन वर्षं तुम्ही घरात? मग मला कशाला वाचवताय?"

परिचारिका हसली. मीही हसलो. दार बंद झालं.

चार तास लागतील म्हणाले. लेक आलीये, शेजारी बसलीये, मला काही शिकवत नाहीये. बाहेरच्या पॅसेजमध्ये एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चव्वेचाळीस पावलं आहेत. मी मोजायचं नाही ठरवून मोजतोय. खिशात घड्याळ आहे, ते चालू करावंसं वाटतं, करवत नाही. हे वाक्य तिसऱ्यांदा खोडून लिहितोय. बाहेर आत्ता कुणीतरी

झालं. चांगलं झालं म्हणाले. चांगलं. काचेतून दाखवली. झोपलीये, एका उशीवर, आडवी.

२८ एप्रिल

हिला आज घरी आणलं. उरलेल्या कॅप्सूल काल हसऱ्याच्या समोर ठेवल्या. तो म्हणाला, "फरक नाही पडला?" मी सांगितलं, पडला. तो खूश झाला. समजावून सांगायला माझ्याकडे वेळ नव्हता.

डॉक्टरणीने सांगितलंय, जिना हळूहळू चढायचा, वाटेल तिथे बसायचं, घाई करायची नाही. लेक सामान घेऊन पुढे गेली. आम्ही दोघं खालच्या दारापाशी उभे राहिलो. पिशवी नाही, घड्याळ नाही, ते मी घरीच ठेवलं होतं. हिचा हात माझ्या दंडावर, दुसरा कठड्यावर.

एकेक पायरी. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवायचे, मग पुढची. मी श्वास ऐकत होतो. आवाज येत होता, पण तुटत नव्हता. मजला एक व्हायला किती वेळ गेला, मला माहीत नाही.

वळणावर मावशींनी स्टूल परत आणून ठेवलं होतं. वर विणलेली गादी.

"बस जरा," मी म्हटलं.

हिने स्टुलाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "नको बाई. कुणी तक्रार केली म्हणजे?"

मी मान खाली घातली. हिने माझा दंड चिमटीत धरला, लहान मुलाला धरावा तसा.

"मोजताय ना?"

"नाही गं. आता नाही मोजत."

"मोजा. माझी वही बंद आहे, निदान तुम्ही तरी मोजा."

तिने कठडा घट्ट धरला, पाय उचलला आणि पुढच्या पायरीवर ठेवला. मग दुसराही ठेवला.

"एकोणीस," मी म्हणालो.